हौशी मंडळांचीं दारें

एकाच विषयाच्या दोन हौशी मंडळांपैकीं एकाकडे माणसें आपण होऊन धांव घेतात, आणि दुसऱ्याकडे, तेथें विद्वानांची दाटी असूनही, कोणी फिरकत नाहीं. असें कां व्हावें? ज्या मंडळांत अधिकारी पुरुष अधिक, त्याची ओढ अधिक, असें उत्तर आपल्या सुशिक्षित वर्गांत सर्रास ऐकूं येतें. तें आम्हांस साफ चुकीचें वाटतें. नवख्याच्या हातीं खरें काम देणारें मंडळच माणसांना ओढतें व टिकवून धरतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्योतिःशास्त्राचेंच उदाहरण घ्या. लंडन येथें १८२० सालीं निघालेली व पुढें 'रॉयल' झालेली संस्था अधिकारानें कोणालाही हार जाणारी नव्हती. तरीही १८९० मध्यें ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही दुसरी संस्था काढण्याची गरज भासली. पहिलीची वर्गणी अनेकांस झेपत नसे, तिचे निबंध हौशी माणसास जड जात, आणि स्त्रियांना तर १९१६ पर्यंत तेथें सभासदत्वच मिळालें नाहीं. नव्या संस्थेनें स्त्रियांना प्रारंभापासून घेतलें, आणि सूर्य, चंद्र, ग्रह असे निरीक्षणाचे विभाग पाडून प्रत्येकास कांहीं ना कांहीं करावयास दिलें.

रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची जी संघटना अमेरिकेंत १९११ सालीं स्थापन झाली, तिनें हेंच तत्त्व पुढें नेलें. ज्यांचें तेज कमीजास्त होतें असे तारे पुष्कळ. त्या सर्वांवर रात्रीमागून रात्री नजर ठेवणें मोठ्या वेधशाळांना शक्य नव्हतें. परंतु जवळच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशीं तुलना करून अंदाज बांधणें, ही गोष्ट चिकाटीच्या सामान्य माणसासही साधते. बंगालमधील जेसोर येथील राधागोविंद चंद्र हे खजिन्यांतील साधे कारकून. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाही त्यांना उतरतां आली नव्हती. संघटनेनें त्यांची पदवी विचारली नाहीं, नोंदी मागितल्या. इतकेंच नव्हे, तर पुढें वापरण्यास एक मोठी दुर्बीणही धाडली. त्यांनीं पाठविलेल्या नोंदी ३७,००० हून अधिक भरल्या! एखाद्या प्रतिष्ठित सभेनें त्यांना मागच्या बांकावर बसविलें असतें, तर हें धन कोठें गेलें असतें?

आपल्या मुंबईंतही असें घडलें आहे. पिवळ्या गळ्याची एक मेलेली चिमणी घेऊन सलीम अली हा शाळकरी मुलगा १८८३ सालीं स्थापन झालेल्या निसर्गेतिहास संस्थेच्या पायऱ्या चढला. संस्थेचे मानद चिटणीस मिलर्ड यांनीं त्यास वाटेस लावलें नाहीं. पक्षी ओळखून सांगितला आणि संग्रह उघडून दाखविला. पुढची कथा सर्वश्रुतच आहे.

यावर आक्षेप असा कीं, दार सताड उघडलें म्हणजे दर्जा ढासळतो. आमचें म्हणणें उलट आहे. दर्जा दारावर राखावयाचा नसतो, कामांत राखावयाचा असतो. वेळ, तारीख, साधन यांची चोख नोंद मागा. चूक झाली तर ती सौम्यपणें, पण निश्चितपणें दाखवा. अज्ञानाबद्दल क्षमा असावी, हलगर्जीपणाबद्दल नसावी. नवख्याच्या बाळबोध प्रश्नावर हंसणें हा दर्जा नव्हे. तो निव्वळ अहंकार होय.

आमच्याकडील कित्येक मंडळांत अध्यक्षीय भाषण, हारतुरे, आभार आणि चहा एवढ्यावरच वर्ष सरतें, आणि मग 'तरुणांना हौसच उरली नाहीं' असा गळा काढला जातो. हौस आहे, तिला हात घालावयास काम नाहीं. म्हणून आपल्या मुलामुलींस कोणत्या मंडळांत धाडावें, असें वाचकांनीं विचारल्यास आम्ही एवढेंच सांगूं कीं, सभासदांच्या यादींतील मोठीं नांवें मोजूं नका. पहिल्या दिवशीं घरीं परतलेल्या मुलास विचारा, "तुला तेथें काय करावयास दिलें?"