तत्त्वज्ञानाने पोट भरते काय?

महाविद्यालयांत प्रवेश घेण्याचे दिवस आले, म्हणजे मोर्शीसारख्या गावी घरोघर एकच खल सुरू होतो. मुलाने इंजिनियर व्हावे की डॉक्टर, एवढाच काय तो प्रश्न. तत्त्वज्ञान घेऊन पदवी घ्यावी असे कोणी सुचविलेच, तर 'त्याने पोट भरते काय?' या एका सवालाने त्याचे तोंड बंद होते. हा सवाल गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलखात अवकाळी पावसाने कपाशीचे व फळगळीने संत्र्याचे साल बुडते, तेथे आईबापांनी पोटाची काळजी आधी करावी, हे योग्यच होय. परंतु तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, ही जी समजूत त्याच्या मुळाशी आहे, ती मात्र साफ चुकीची आहे.

आमच्या नैयायिकांनी ज्ञानाची प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार साधने मानिली. फळ झाडावर असतानाच संत्र्याचा बगीचा घेणारा व्यापारी बहर पाहतो, मागील सालाशी ताडतो आणि माल किती उतरेल ते ठरवितो. अनुमान ते हेच. दलालाने सांगितलेला भाव तो मानितो, तेव्हा शब्दावर विसंबतो. पण शास्त्र त्यास बजाविते की, शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, म्हणजे ज्यास गोष्ट ठाऊक आहे व जो खरे बोलतो त्याचा. कायदाही निराळे सांगत नाही. ऐकीव गोष्ट सामान्यतः पुरावा नव्हे, हा 1872 च्या कायद्यातील नियम 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कायम ठेविला आहे. असे असता आज मोबाईलवर आलेला निरोप, मग तो औषधाविषयी असो की परजातीविषयी, वेदवाक्य होऊन गावभर फिरतो! 'हे कशावरून?' असे जेथे कोणी विचारीत नाही, तेथे बोगस बियाणेही खपते आणि दंगाही पेटतो.

दुसरा लाभ याहून मोठा. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे व मग त्याचे खंडन करावे, ही पूर्वपक्षाची शिस्त आमच्याच पूर्वजांची होय. आमच्या आजच्या सभांतून ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. अकोल्यास शिकून पुण्यास गेलेल्या आगरकरांनी मिल्ल व स्पेन्सर यांचे विचार पचविले. 1888 मध्ये 'सुधारक' काढून त्यांनी प्रत्येक रूढीस तिचे कारण विचारिले. त्या विद्येने त्यांस द्रव्य दिले नाही, पण महाराष्ट्रास विचार करावयास लाविले.

हे काम पंडितांचे, व्यापाऱ्यांचे नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याने खानदेशातील अमळनेराकडे पाहावे. तेथे 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, ते प्रतापशेठ या गिरणीमालकाच्या औदार्याने! कृष्णचंद्र भट्टाचार्य व मलकानी यांसारखे विद्वान तेथे नांदले. कापसाच्या पैशाने खानदेशात जे झाले, ते कापूस व संत्री पिकविणाऱ्या वऱ्हाडात अशक्य का असावे?

नुसत्या पदवीने चूल पेटत नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणून वकिली, व्यापार वा सरकारी परीक्षा यांच्या जोडीस हा विषय घ्यावा. तो गाईड पाठ करून शिकविला गेला, किंवा केवळ स्वमताची आरती म्हणून शिकविला गेला, तर त्याचा उपयोग शून्य. वेदान्ताबरोबर चार्वाक व बुद्ध, शंकराचार्यांबरोबर कांट वाचला पाहिजे. अमरावतीस 1983 पासून विद्यापीठ आहे. आमच्या बाजारपेठेने वर्गणी करून दरसाल एक-दोन होतकरू मुलामुलींना या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती द्यावी, एवढीच आमची सूचना आहे. मंदिराच्या कळसास हजारो रुपये देणारे हात डोक्यातील दिव्याच्या तेलासाठी आखडू नयेत.