टाके काढल्यावर काम संपत नाही

गेल्या महिन्यात एक बाई ओपीडीत आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, सोबत धाकटी जाऊ. पर्समधून त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला, घड्यांवर विरलेला कागद काढला. तेरा वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड होते ते. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, औषधांची यादी आणि टाके काढायला कधी यायचे, एवढेच. स्तनातला इम्प्लान्ट कोणत्या कंपनीचा, किती मिलिलिटरचा, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, याचा कुठे पत्ता नाही. खोक्यातून निघणारे अनुक्रमांकाचे स्टिकर कोणीच चिकटवलेले नव्हते.

डावा स्तन दोन महिन्यांपासून फुगला होता. दुखणे नाही, ताप नाही. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिले, मग एकदा सुईने पाणी काढले आणि ते बेसिनमध्ये ओतून दिले. बाईंचा प्रश्न साधा होता : "तेव्हा सांगितलं होतं, एकदा बसवलं की आयुष्यभर बघायला नको. मग हे कसं झालं, डॉक्टर?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत हेच वाक्य मी स्वतः कितीतरी पेशंटना म्हटले आहे. घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा म्हणून म्हटले होते. धीर मिळाला, पण माहिती चुकीची गेली.

स्तनवृद्धीच्या शस्त्रक्रियेबद्दल गैरसमज म्हटले की आपण सिनेमाकडे, रील्सकडे, मैत्रिणींच्या गप्पांकडे बोट दाखवतो. विमानात इम्प्लान्ट फुटतो, तेलाने किंवा मलमाने स्तन वाढतात, अशा समजुती आहेत खऱ्या. पण त्या एका वाक्यात दूर होतात : विमानात इम्प्लान्ट फुटत नाही आणि मलमाने स्तन वाढत नाहीत. खरे नुकसान करणारे गैरसमज टेबलाच्या आपल्या बाजूने पलीकडे जातात. म्हणून हा लेख सर्जन मंडळींबरोबरच फॅमिली डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट सहकाऱ्यांसाठीही आहे.

पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज 'आयुष्यभराचा'. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि गेरो या सर्जननी सिलिकॉन जेलचा पहिला इम्प्लान्ट बसवला. तेव्हापासून कवच, जेल, आकार सगळे सुधारत गेले, पण एक गोष्ट बदलली नाही. शरीर या परक्या वस्तूभोवती स्वतःचे आवरण विणते. ते मऊ राहिले तर उत्तम. आवळत गेले तर स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखू लागतो. हे आवळणे मोजणाऱ्या बेकरच्या चार पायऱ्या आपण परीक्षेसाठी पाठ केल्या, पेशंटला किती जणांनी समजावल्या? सलाइनचा इम्प्लान्ट फुटला तर तो बसतो आणि बाईला आरशात दिसते. सिलिकॉन जेलचा फुटला तर बहुधा काहीच कळत नाही. जेल आवरणाच्या आतच थांबते आणि हाताने तपासून सर्जनलाही अंदाज येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०२० साली शिफारस केली की, तक्रार नसली तरी शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करत राहावी. २०२१ मध्ये तर इम्प्लान्टच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा सक्तीचा झाला : ही वस्तू आयुष्यभरासाठी नाही, जितकी वर्षे जातील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढेल. म्हणजे पंचविशीतल्या मुलीला आपण एक शस्त्रक्रिया सांगत असलो, तरी प्रत्यक्षात निदान आणखी एकीची तयारी तिने ठेवायला हवी. खर्चासकट. हौसेखातर केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, हेही त्याच बैठकीत सांगितले पाहिजे.

दुसरा गैरसमज कॅन्सरचा, आणि तो दोन्ही टोकांना आहे. एका टोकाला 'सिलिकॉनने कॅन्सर होतो' ही भीती, दुसऱ्या टोकाला 'कॅन्सरचा काही संबंधच नाही' हे आश्वासन. नेहमीच्या स्तनाच्या कॅन्सरचा धोका इम्प्लान्टने वाढत नाही. पण इम्प्लान्टभोवतीच्या आवरणात एक दुर्मीळ लिम्फोमा होऊ शकतो. एफडीएने २०११ मध्ये त्याकडे पहिल्यांदा लक्ष वेधले, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची वेगळा आजार म्हणून नोंद घेतली आणि २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीला बायोसेल हे खरबरीत पृष्ठभागाचे इम्प्लान्ट जगभरातून मागे घ्यावे लागले. हा आजार प्रामुख्याने खरबरीत इम्प्लान्टशी जोडलेला आहे. लवकर सापडला तर आवरणासह इम्प्लान्ट काढल्यावर बहुतेक बायका बऱ्या होतात. त्याची नेहमीची खूण म्हणजे काही वर्षे उलटल्यावर एका बाजूला येणारी, न दुखणारी सूज.

म्हणून फॅमिली डॉक्टरांना हात जोडून विनंती : शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर आलेली अशी सूज जंतुसंसर्ग समजून चालू नका. सोनोग्राफीच्या मदतीने पाणी काढा, जेवढे निघेल तेवढे सगळे पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहा : 'इम्प्लान्ट आहे, सीडी ३० तपासावे'. ही या लिम्फोमासाठीची तपासणी. त्या बाईंचे पहिले पाणी बेसिनमध्ये गेले. दुसरे आम्ही पाठवले. सुदैवाने तपासणीत काही निघाले नाही. पण रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्यांनी आणि त्यांच्या जावेने कसे काढले ते मी पाहिले आहे.

भीतीच्या टोकाचाही इतिहास ठाऊक असावा. १९९२ मध्ये एफडीएने सौंदर्यासाठी सिलिकॉन जेलचे इम्प्लान्ट वापरणे थांबवले. खटल्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंग कंपनीने १९९५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सगळा पुरावा तपासून सांगितले की, सांधेवातासारख्या आजारांशी संबंध दिसत नाही. खरा प्रश्न कडक होणे, फुटणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागणे हा आहे. बंदी २००६ मध्ये उठली. पुढे २०१० मध्ये फ्रान्सची पीआयपी कंपनी औद्योगिक वापराचे सिलिकॉन भरत असल्याचे उघड झाले. तेव्हा जगभरातल्या बायकांचा एकच प्रश्न होता : माझ्या शरीरात कोणत्या कंपनीचा इम्प्लान्ट आहे? ज्यांच्याकडे कार्ड होते त्यांना त्याच दिवशी उत्तर मिळाले. इम्प्लान्टमुळे थकवा, अंगदुखी, विसराळूपणा जाणवतो असे सांगणाऱ्या बायकाही येतात. त्यासाठी एकच एक चाचणी नाही. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, संधिवाताच्या तपासण्या करा, ऐकून घ्या आणि इम्प्लान्ट काढायचा असेल तर तो पर्याय मोकळेपणाने सांगा.

मॅमोग्राफी 'करताच येत नाही' असे सांगून बायकांना परत पाठवले जाते, ही गोष्ट मनाला लागते. इम्प्लान्टमुळे काही भाग झाकला जातो हे खरे. त्यासाठीच एक्लंडची पद्धत आहे : इम्प्लान्ट मागे सारून पुढची ग्रंथी ओढून घ्यायची आणि जादा फिल्म काढायच्या. भारतीय बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचाच असताना कोणालाही तपासणीविना परत पाठवणे परवडणारे नाही.

स्तनपानाबाबतही एका शब्दात हो किंवा नाही म्हणू नये. इम्प्लान्ट ग्रंथीच्या मागे असतो, स्नायूच्या वर असो की खाली. स्तनाखालच्या घडीतून छेद घेतला तर दुधाच्या नलिका बहुधा शाबूत राहतात. स्तनाग्राच्या कडेने घेतला तर इजा होण्याची शक्यता वाढते. ज्यांच्यात मुळातच ग्रंथी कमी आहे, त्यांना इम्प्लान्टशिवायही दूध कमी येऊ शकते. हे लग्नाआधी आलेल्या मुलीला सांगायचे, तिच्या कडेवर बाळ आल्यावर नव्हे. तसेच ओघळलेल्या स्तनाला नुसता इम्प्लान्ट वर उचलत नाही, ते काम वेगळे आहे. ब्राचा कप कंपनीगणिक बदलतो, इम्प्लान्ट मिलिलिटरमध्ये मोजतात. मी पेशंटला मापाची पिशवी ब्रामध्ये घालून आरशासमोर दहा मिनिटे शांत उभे राहायला सांगतो. कितीतरी जणी त्यानंतर लहान माप निवडतात, काही जणी विचार करायला घरी जातात. आणि मिशरीचे विचारायला विसरू नका. 'सिगारेट ओढता का' या प्रश्नाला आपल्याकडची बाई नाहीच म्हणणार. निकोटीन मात्र जखम भरू देत नाही.

शेवटचा गैरसमज बोलायला अवघड आहे. हे सगळे चोचले आहेत, असे आपल्यातल्या अनेकांना आतून वाटते. समोर बसलेली कधी जन्मतः एका बाजूचा स्तन वाढला नाही म्हणून आलेली असते, कधी कॅन्सरनंतर, कधी बाळंतपणांनंतर, आणि कधी केवळ स्वतःला हवे म्हणून. आपल्या चेहऱ्यावरचा निवाडा तिला दिसतो. मग ती पुढच्या डॉक्टरांपासून शस्त्रक्रिया लपवते. सासरी सांगितलेले नसते, म्हणून तपासणीला येत नाही. मॅमोग्राफीच्या टेबलावरही बोलत नाही. चुकीच्या माहितीपेक्षा ही चुप्पी घातक आहे, आणि ती सुरू होते आपल्या कपाळावरच्या आठीपासून.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये संमतीचा अर्थ स्पष्ट केला : धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल हे कळल्यावर दिलेला होकार तीच संमती. हे बोलणे पहिल्या भेटीत व्हावे, शस्त्रक्रियेच्या सकाळी कॉरिडॉरमध्ये नव्हे. इम्प्लान्टचे एक स्टिकर केसपेपरवर, दुसरे पेशंटच्या कार्डावर लावा. कार्डाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे काढायला लावा.

त्या बाईंनी इम्प्लान्ट काढून घेतले. नवे नको म्हणाल्या. त्यानंतर मी माझी जुनी रजिस्टरे माळ्यावरून खाली काढली. आमच्या सिस्टर आता दुपारी ओपीडी संपली की रोज चार-पाच फोन लावतात. बरेच नंबर बदललेले आहेत. कधी नवरा उचलतो, तेव्हा त्या काही न सांगता फोन ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतात. जी बाई सापडते तिला सांगतात : "ताई, तुमचं ऑपरेशन आमच्याकडे झालं होतं. तपासणीला या. तेव्हा सांगायचं राहून गेलं होतं."

आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर अशी रजिस्टरे आहेत. ती खाली काढूया.