डीजेचा वाद डेसिबलचा, पण जळतात बॉक्स ते ओममुळे

बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव… मिरवणूक कुठलीही असो, डीजेवरची चर्चा डेसिबलवर येऊन थांबते. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना ही चर्चा थेट यंत्रापर्यंत नेली. आवाज आपोआप मर्यादेत ठेवणारी यंत्रणा लाउडस्पीकरमध्येच बसवायला लावण्याचा विचार सरकारने करावा, असं न्यायालयाने सुचवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर झाला.

मर्यादा जुनीच आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आता प्रश्न असा, की मंडपामागे ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं?

चार बॉक्स, एक ॲम्प्लिफायर

प्रत्येक स्पीकरच्या मागे ८ ओम किंवा ४ ओम असा आकडा असतो. ८ ओमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला ४ ओम दिसतात, चार जोडले की २ ओम. ओम जितके कमी, तितका करंट जास्त. ॲम्प्लिफायरवर ‘किमान ४ ओम’ लिहिलेलं असताना त्याच चॅनलवर आणखी दोन बॉक्स टाकले, तर तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो. दोन-दोन बॉक्स एकामागे एक जोडून त्या दोन जोड्या समांतर लावल्या, तर चार बॉक्स असूनही भार ८ ओमच राहतो.

एवढी ओढाताण करून मिळतं काय? वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. पण ॲम्प्लिफायर क्षमतेपलीकडे ताणला की आवाजाच्या लहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि आधी बळी जातो तो टॉपमधल्या नाजूक ड्रायव्हरचा. ‘बॉक्स उडाला’ म्हणतात तेव्हा दोष अनेकदा बॉक्सचा नसतो.

देवळाच्या भोंग्यांचं गणित वेगळं आहे. लांब वायरवरच्या भोंग्यांना १०० व्होल्टची लाइन देतात आणि प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. त्या टोकाला साधा ८ ओमचा स्पीकर थेट लावला तर त्याची कॉइल जळू शकते.

स्पीकरच्या वायरलाही शॉक असतो

४ ओमच्या भाराला १००० वॅट देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या टोकांवर सुमारे ६३ व्होल्ट असतात. दोन चॅनल ब्रिज करून ८ ओमला २००० वॅट काढले तर सुमारे १२६. गणपती पावसाळ्यात येतात, हात ओले असतात. त्यामुळे सोलून पिळलेल्या उघड्या तारा नकोत, बंद कनेक्टर हवेत. जोडणी ॲम्प्लिफायर बंद असतानाच करायची. चालू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. सगळ्यात वाईट सवय म्हणजे स्पीकरच्या वायरीला घरगुती पिन लावणं. घाईत ती भलत्याच सॉकेटात जाते आणि स्पीकरला थेट २३० व्होल्ट मिळतात. जनरेटरवर काम असेल तर अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा गळती-ब्रेकर हवाच.

न्यायालयाने सुचवलेल्या यंत्रणेचं काम ‘लिमिटर’ करू शकतो. तो मिक्सर आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये बसतो, सिग्नल ठरावीक पातळीवर रोखतो. नीट बसवला तर टॉपही वाचतात. पण चुकीचे ओम तो दुरुस्त करत नाही. आणि तो काढून मिक्सरची वायर थेट ॲम्प्लिफायरला लावायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे त्याला सील कोण लावणार आणि मिरवणुकीआधी ते कोण तपासणार, हे सरकारला नियमात लिहावं लागेल.