किमान भावाची सक्ती पंधरा दिवसांत मागे घ्या!

जालना जिल्ह्यात माल पाठवणाऱ्या सर्व कंपन्या, त्यांचे एरिया मॅनेजर आणि वितरक यांना जाहीर इशारा.

पाकिटावरची एमआरपी ही कमाल किंमत आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कमी घेण्याला मात्र कायद्याची आडकाठी नाही. तरीही ‘या रेटखाली विकलंत तर माल बंद, स्कीम बंद’ असा दम कोणी मोंढ्यात, भोकरदनला किंवा मंठ्याला देत असेल, तर त्याने पुढचे नीट वाचावे.

स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3(4) नुसार, विक्रेत्याचा भाव असा बांधून स्पर्धेला ठळक बाधा आणणे बेकायदा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुरुवात एका डीलरच्या निनावी ईमेलने झाली होती आणि तक्रार महाराष्ट्रातल्या सवलतबंदीची होती. जादा सूट देणारा डीलर पकडायला गिऱ्हाईक बनून माणसे पाठवली जात, असे आयोगाला आढळले. कंपनी अपिलात गेली.

पाच दुकानांत भाव एकच असेल, तर आम्ही दुकान बदलून मिळवायचे काय? घरच्या माणसांवर चालणारे छोटे दुकान कमी नफ्यावर विकू शकते. ती ताकद काढून घेतली, की मोठ्या शोरूमसमोर त्याच्या हाती फक्त उधारी उरते.

कंपन्यांनो, माल समजावून सांगायचा एका दुकानदाराने आणि सूट देऊन विक्री पळवायची दुसऱ्याने, ही तुमची अडचण खरी आहे. मग त्या सेवेचे पैसे दुकानदाराला वेगळे द्या. त्यासाठी आमच्याकडून जादा भाव वसूल करू नका.

आमच्या मागण्या :

1. किमान भावाची लेखी वा तोंडी अट रद्द करून प्रत्येक दुकानदाराला तसे पत्र द्या.
2. सूट दिली म्हणून रोखलेला माल आणि अडवलेली स्कीम सोडा.
3. दुकानांवरची पाळत थांबवा.

दुकानदारांनो, धमकीचे मेसेज, पत्रे, बिले जपून ठेवा. अशाच प्रकरणात ह्युंदाईला 2017 मध्ये झालेला 87 कोटींचा दंड पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला. कच्च्या पुराव्यावर लढाई जिंकता येत नाही. आणि तुम्हीच आपसात बसून भाव ठरवलात, तर तक्रार तुमच्यावरही होईल.

हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून पंधराव्या दिवशी मुदत संपेल. त्यानंतर विनंती नाही, बैठक नाही. जमलेले पुरावे थेट स्पर्धा आयोगाकडे जातील.

— जालना जिल्ह्यातील ग्राहकांच्या वतीने