पावती त्यांची, पावती आपली

गेल्या हंगामात आपल्या काही टोळ्या खाली तापीकाठच्या ऊसपट्ट्यात तोडणीला गेल्या होत्या. एका टोळीच्या कोप्या नाल्याच्या कडेला पडल्या. कारखान्याचं पाणी त्याच नाल्याला सोडलेलं. बायांनी नेहमीसारखा वाळूत झिरा खोदला, तर वर आलं ते चहाच्या रंगाचं पाणी. बैलांनी तोंड लावलं नाही. टोळीतले चौघे अर्ज घेऊन तालुक्याला गेले. तिथल्या साहेबाने अर्ज न वाचताच सांगितलं, "त्यांची यंदाची फी भरलेली आहे, परवानगी आहे." चौघे परत आले. फी भरली म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, ते त्यांना सुचलं नाही. आम्हालाही तेव्हा सुचलं नसतं. मग आम्ही कायदा काढून वाचला.

जमिनीच्या पत्रकात सांडपाणी कशाला, असं काही कार्यकर्ते म्हणाले. वाचल्यावर तेच म्हणतील की हा आपलाच विषय आहे.

पाणी प्रदूषणाचा केंद्राचा कायदा 1974 सालचा. महाराष्ट्राने तो 1981 पासून लागू केला. त्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे नदी, नाला, विहीर किंवा जमिनीवर सांडपाणी सोडायचं असेल तर कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. संमती मुदतीची असते, मुदत संपली की पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी. ही फी कशावर ठरते? किती घाण सोडली यावर नाही, कारखान्यात किती भांडवल घातलं यावर. म्हणजे पाणी निवळ सोडा की काळं, पावती तीच.

पाण्याच्या वापरावर 2017 पर्यंत निराळा उपकर होता, 1977 च्या कायद्याचा. ज्या कामात पाणी विषारी होतं आणि ते विष सहज कुजत नाही, त्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच पैसे होते. 1992 पासून पाच पैसे झाले. हिशेब करा. दहा लाख लिटर पाण्याला पन्नास रुपये होत. नाकेदार एका मोळीचे किती घेतो, ते ज्याचं त्याने आठवावं.

पण फी ही संमतीची एक बाजू झाली. दुसरी बाजू अटींची, आणि ती साहेबाने सांगितलीच नाही. किती पाणी सोडायचं, कुठे सोडायचं, किती साफ करून सोडायचं, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. साखर कारखान्याचं पाणी नदीनाल्यात जाणार असेल तर त्यातला कुजणारा माल एका लिटरमध्ये तीस मिलिग्रॅमच्या मापात बसला पाहिजे. हा माल कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. मळीपासून स्पिरिट काढल्यावर जे काळं पाणी उरतं, त्यात हेच माप चाळीस-पन्नास हजारांवर असतं. (मोहाची एक बाटली सापडली की आपल्या माणसाला दारूबंदीचं कलम लागतं. दारूची बाजू आम्ही घेत नाही, आपल्या बायांनी पाड्यापाड्यांत मडकी फोडलेली आहेत. पण स्पिरिटवाल्याला परवाना मिळतो, एवढं सांगून पुढे जातो.) अट मोडली तर फीची पावती कारखान्याला वाचवत नाही. अट मोडणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैद आहे.

आता त्याच कलमातली जी गोष्ट वाचून आम्ही थांबलो, ती सांगतो. कारखान्याने सगळ्या कागदांसह अर्ज दिला आणि मंडळाने चार महिन्यांत हो किंवा नाही काहीच कळवलं नाही, तर संमती मिळाली असं धरायचं. तीही बिनशर्त! सरकार गप्प बसलं तर त्याचा अर्थ होकार.

आणि आपले अर्ज? 31 मार्च 1978 पर्यंत वनजमिनीवर जी शेती होती ती कायम करायचा निर्णय याच राज्याने केला. त्यानंतर आपण अर्ज दिले, पंच आणले, म्हाताऱ्यांना उभं केलं, दंडाच्या पावत्या जोडल्या. किती चार महिने गेले? तिथे सरकार गप्प बसलं तर त्याचा अर्थ नकार, आणि पेरणीच्या वेळी रेंजर पोलीस घेऊन येतो. कारखान्याने पैसे भरले की त्याची पावती परवानगीचा कागद होते. आपण दंड भरला की आपली पावती गुन्ह्याचा कागद होते, आणि तोच कागद कसणुकीचा पुरावा म्हणून पुढे केला तर अधिकारी ओळखत नाही. म्हणून प्रत्येक पावती तेलकट होऊ न देता डब्यात जपून ठेवा, हे आम्ही दर अंकात लिहितो आणि पुन्हा लिहितो.

कारखाने बंद पाडा असं आमचं म्हणणं नाही. दिवाळीनंतर आपली अर्धी माणसं त्याच उसावर जगतात, आणि कारखाना बंद पडला तर मुकादमाची उचल आपल्याच डोक्यावर राहते. पाणी साफ करायची यंत्रणा बसवायला आणि चालवायला पैसा लागतो, तो कारखान्याने खर्च करावा, एवढंच. आणखी एक गोष्ट डोळ्याआड करू नका. मंडळाला पैसा मिळतो तो बराचसा याच फीतून. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच पैशावर चालायचं, तर नजर किती कडक राहणार?

तरी याच कायद्यात आपल्या हाताला लागेल असं काही आहे. मंडळाने प्रत्येक संमतीच्या अटींचं रजिस्टर ठेवायचं असतं. ज्याला त्या सांडपाण्याचा त्रास होतो तो माणूस, किंवा त्याने नेमलेला माणूस, ते रजिस्टर कामाच्या वेळेत पाहू शकतो. मेहेरबानी म्हणून नाही, कलम 25 मध्येच तसं लिहिलेलं आहे. शिवाय 1988 च्या दुरुस्तीनंतर मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही साधा माणूस कोर्टात फिर्याद करू शकतो. त्याआधी हा दरवाजा मंडळाच्याच हातात होता.

तेव्हा या हंगामात जी टोळी खाली जाईल तिने तीन कामं करावीत. नाल्याचं पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या रंगाचं आलं ते वहीत लिहावं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यावं, पण त्याच दिवशी. जनावर आजारी पडलं, मासे मेले तर गावच्या पोलीस पाटलाला सांगून पंचनामा मागावा. आणि टोळीतल्या एकाच्या नावाने संघटनेला अधिकारपत्र द्यावं, म्हणजे आम्ही मंडळाच्या नाशिकच्या कार्यालयात जाऊन रजिस्टर उघडायला लावू. अंगठा चालेल, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. अधिकारपत्राचा नमुना शेवटच्या पानावर आहे. शाई फिकी उठली आहे, नीट दिसला नाही तर बाजारच्या दिवशी कार्यालयातून दुसरा न्यावा.