सेन्सर भिंतीवर की डोक्यावर?

व्हीआर हेडसेटला आपलं डोकं नेमकं कुठे आहे हे कळावं लागतं. २०१६ च्या ऑक्युलस रिफ्टला त्यासाठी यूएसबीने जोडलेले सेन्सर लागत, एचटीसी व्हाईव्हला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बेस स्टेशन. आमच्या होस्टेलच्या रूममध्ये तिघांत सॉकेट एक, आणि भिंतीला खिळा ठोकला की दंड! २०१९ च्या क्वेस्टने चार कॅमेरे हेडसेटवरच बसवले नि ही कटकट संपली. अंधारात किंवा कंट्रोलर पाठीमागे गेला की कॅमेरे गडबडतात, मान्य. काटेकोर मोजमापाच्या प्रोजेक्टला बेस स्टेशनच बरं. पण लॅबसाठी घेताना एवढं बघा, जे पटकन सुरू होतं तेच पोरं वापरतात. बाकीचं कपाटात धूळ खातं!