साखरेचा कर कोणाकडून?

लठ्ठपणाला आळा घालण्यासाठी अपायकारक खाद्यपदार्थांवर कर बसवावा, हा विचार मुळात चुकीचा नाही. प्रश्न तो कोणाकडून घ्यावयाचा, हा आहे. सप्टेंबर २०२५ मधील वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत वायुमिश्रित शीतपेये ४० टक्क्यांच्या गटात गेली, बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर उतरली. बिस्किटपुडा हीच ज्या मजुराच्या मुलांची न्याहारी, त्यांच्यासाठी ही सवलत गैर म्हणता येणार नाही. पण शीतपेयात साखर असो वा नसो, दर एकच; मग कारखानदाराने ती कमी करावी कशासाठी? ब्रिटनने २०१८ साली साखरेच्या प्रमाणानुसार उत्पादकांवर आकारणी केली. ती लागू होण्यापूर्वीच अनेक कंपन्यांनी पेयांतील साखर घटविली. उत्पादक हा भार ग्राहकावर ढकलील, ही शंका रास्तच. परंतु साखर घटली की भारही घटतो. बिस्किटांनाही हाच न्याय लावता येईल.

आणि उत्पन्न? महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातील अंड्यांचा निधी थांबविला आणि अंडी लोकसहभागातून मिळवावीत, असे शाळांना सांगितले. (शासन हात झटकू लागले की हा शब्द हमखास निघतो.) साखरेच्या करातील पहिली रक्कम त्या अंड्यांसाठी राखून ठेवावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांपासूनच लावून धरावी.